आवड बिघडली की हिशेब बिघडला?

‘लोकांची आवडच बिघडली आहे हो!’ हे वाक्य आमच्या शहरात अलीकडे फार ऐकू येते. गुलमंडीवर चहा घेताना, कॅनॉटच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत. बोलणारा सुशिक्षित असतो, साठीच्या अलीकडे-पलीकडे असतो आणि विषय सिनेमाचा असतो. तलवारी, रक्त आणि कानठळ्या बसवणारे संगीत असले की चित्रपटगृह भरते. चार माणसांची साधी गोष्ट सांगणारा चित्रपट मात्र शुक्रवारी लागतो आणि पुढच्या गुरुवारी उतरतो. यावरून निष्कर्ष काढला जातो तो असा : प्रेक्षक उथळ झाला, मराठी माणूस मराठी सिनेमा पाहत नाही, नव्या पिढीला कशाचे काही नाही. मग कोणीतरी ‘श्यामची आई’ आणि ‘सामना’ यांची नावे घेतो, सगळे उसासा टाकतात आणि पंगत उठते.

मला हा निष्कर्ष मान्य नाही. मी समीक्षक नव्हे. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. सिनेमाला जातो तो चार लोक जातात तसा. सौभाग्यवतींना वेळ असेल तेव्हा, नातवंडे आली असतील तेव्हा, नाहीतर एकटाच. २०२५ या वर्षात चित्रपटगृहात जाऊन दीडेक डझन चित्रपट पाहिले. त्यातले काही आवडले, काहींत डुलकी लागली. पण पडद्याइतकेच माझे लक्ष खुर्च्यांकडे होते. कोण आले आहे, किती आले आहेत, कितीला आले आहेत? बँकेची सवय, दुसरे काय! आणि या खुर्च्या मोजताना मला असे वाटू लागले की, आवड बिघडल्याची तक्रार आपण करतो खरी, पण बिघडला आहे तो हिशेब.

सुरुवात ‘छावा’पासूनच करायला हवी. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी तो प्रदर्शित झाला आणि ज्या शहराला संभाजी महाराजांचे नाव आहे, त्या शहरात तो कसा पाहिला गेला असेल हे सांगायला नको. पहाटेचे खेळ लागले. आजोबा, सुना, कडेवरची मुले असे अख्खे घर पाहायला गेले. शेवटच्या अर्ध्या तासात माझ्या शेजारची एक बाई पदर तोंडाला लावून बसली होती आणि दिवे लागल्यावरही बराच वेळ कोणी उठले नाही. विकी कौशलने जीव ओतून काम केले आहे यात शंका नाही. अक्षय खन्नाचा औरंगजेब आवाज न चढवता दहशत बसवतो. एवढे श्रेय दिल्यावर माझी तक्रार सांगतो. हा चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आहे. ती १९७९ सालची. त्या कादंबरीचा पैस मोठा आहे. त्यात दरबारातले ताण आहेत, येसूबाईंचे शहाणपण आहे, संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा राजपुत्र आहे. चित्रपटात हे सारे आटून लढाया आणि अखेरचा छळ एवढेच ठसठशीत उरते. संगीत तर इतके मोठे, की संवाद ऐकायला कान टवकारावे लागतात. लक्ष्मण उतेकरांना या राजाचा पराक्रम दाखवायचा होता, तो त्यांनी दाखवला. मला त्याचा व्यासंगही पाहायचा होता. तरीही, तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहीत असे मी म्हणणार नाही.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्या शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या खुलताबादेत औरंगजेबाची कबर आहे. मार्च २०२५ मध्ये ती हटवण्याची मागणी पेटली, कबरीभोवती बंदोबस्त वाढला आणि १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा राग लोकांच्या मनात पुन्हा जागा झाला, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले. त्याच महिन्यात मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या परिसरात, लोक रात्री बॅटऱ्या आणि चाळण्या घेऊन शेते खणू लागले. चित्रपटात मोगलांचा खजिना पाहिला होता, तो तिथेच पुरला असणार अशी त्यांची समजूत! हसावे की रडावे असा हा प्रसंग. पण सिनेमाचे बळ कळायला तो पुरेसा आहे. काळोखात तीनशे लोकांनी एकत्र पाहिलेली गोष्ट ही घरी एकट्याने वाचलेल्या गोष्टीसारखी नसते. ती बाहेर आल्यावरही समूहाचीच राहते. मी कादंबरीकार आहे, त्यामुळे हे थोड्या मत्सरानेच लिहितो आहे.

दंगलीसाठी चित्रपटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. मला ते पटत नाही. एक चित्रपट पाहून शहर बिघडत नाही. माझी चिंता वेगळी आहे आणि ती सांगण्यासाठी त्याच फेब्रुवारीतल्या दुसऱ्या चित्रपटाकडे जावे लागेल.

‘छावा’नंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ लागला. मालेगाव आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर. तिथल्या नासिर शेख यांची ही खरी गोष्ट. व्हिडिओ पार्लर चालवणारा एक तरुण, यंत्रमागावर काम करणारे, दुकानात बसणारे त्याचे मित्र आणि त्यांना लागलेले सिनेमा काढण्याचे वेड. पैसे नाहीत, यंत्रसामग्री नाही. ‘शोले’ची मालेगावी नक्कल काढतात आणि गाव ती डोक्यावर घेते. पुढे यंत्रमागावरच्या शफीकला असाध्य आजार होतो, तेव्हा हे मित्र त्याला सुपरमॅन करून हवेत उडवतात. रीमा कागतींनी हे अतिशय हळुवारपणे दाखवले आहे. मध्यंतरानंतर थोडी रेंगाळते, पण शेवटी घशात आवंढा येतोच. मी गेलो त्या खेळाला आम्ही मोजून अकरा जण होतो.

आता एक गंमत पाहा. ‘छावा’त कवी कलश झाला आहे विनीत कुमार सिंह, आणि मालेगावच्या चित्रपटात फरोग हा लेखक झाला आहे तोही विनीत कुमार सिंहच. एकाच पंधरवड्यात एकाच नटाने दोन लिहिणारी माणसे उभी केली. एक राजासोबत मरणाला सामोरा जाणारा कवी, दुसरा आपल्या शब्दांना कोणी किंमत देत नाही म्हणून मुंबईत वणवण करणारा लेखक. पहिल्याला आख्ख्या शहराने पाहिले, त्याच्यासाठी डोळे पुसले. दुसऱ्याला पाहायला आम्ही अकरा जण.

आमच्या शहरात दोन्ही समाज शेजारी शेजारी राहतात, व्यवहार करतात, अधूनमधून भांडतात. मराठवाड्यात नि खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुसलमान माणसाची घरगुती, हसरी, गरिबीतही स्वप्ने पाहणारी गोष्ट मोठ्या पडद्यावर किती वेळा येते? ती आली आणि गेली. आमच्या गल्लीत ज्यांनी ‘छावा’ दोनदा पाहिला, त्यांना हा दुसरा चित्रपट आला होता हेही माहीत नव्हते. इतिहास पाहू नये असे नाही, तो पाहिलाच पाहिजे. पण एका गावाने वर्षभरात मिळून फक्त एकाच जातीच्या गोष्टी पाहिल्या, तर त्याला स्वतःचा अर्धाच चेहरा दिसतो. हे का होते? ‘आवड’ असे उत्तर देऊन मोकळे होण्याआधी जरा वही उघडू.

समजा, सिडकोत राहणारे पाच माणसांचे घर आहे. नवरा-बायको, दोन मुले, एक आजी. देशातल्या सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीच्या २०२३-२४ च्या आकड्यांनुसार तिकिटाची सरासरी अडीचशे रुपयांच्या थोडी वर होती आणि प्रेक्षक माणशी सव्वाशेहून अधिक रुपये खाण्यापिण्यावर खर्च करत होता. आपल्याकडे कमी धरा. तिकीट दोनशे, खाणे माणशी शंभर. पंधराशे झाले. जाण्यायेण्याचा खर्च, आरक्षणाचे शुल्क, परतताना मुलांनी धरलेला आइस्क्रीमचा हट्ट. दोन हजार कुठेच गेले नाहीत. बाहेरचे खाणे आत नेऊ न देण्याचा चित्रपटगृहाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला आहे. पिण्याचे पाणी फुकट द्यावे आणि तान्ह्या मुलाचे खाणे अडवू नये, एवढी सवलत आहे. म्हणजे आजीने डब्यात घेतलेल्या शंकरपाळ्या दारातच राहणार.

महिन्याला तीस-चाळीस हजारांत भागवणारे हे घर वर्षातून किती वेळा सिनेमाला जाईल? तीनदा, फार तर चारदा. आणि ज्या गोष्टीवर आपण वर्षातून चारदाच दोन हजार घालतो, तिथे आपण जोखीम घेत नाही. बँकेत हे रोज पाहायला मिळते. सोने तारण ठेवून मागितलेले कर्ज अर्ध्या तासात होते, कारण सोने बुडत नाही. नुसत्या कर्तृत्वावर मागणाऱ्या होतकरू पोराला मात्र साहेब चार चकरा मारायला लावतात. आपले मध्यमवर्गीय कुटुंब आता असेच झाले आहे. ते आपला रविवार फक्त सोने तारण घेऊनच देते. मोठा नट, महाराजांचे नाव, आधीच्या गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग, हे सोने. नवा दिग्दर्शक, अनोळखी चेहरे, विदर्भातले एक गाव, ही विनातारण मागणी. नाकारली जाते. यात आवडीचा प्रश्न फार थोडा आहे.

आमच्या तरुणपणी आम्ही मोठे रसिक होतो असा कोणाचा समज असेल, तर तो काढून टाकावा. मोहन, सादिया, अंबा-अप्सरा, अंजली, अभिनय. या शहरात सिनेमा पाहिलेल्या माझ्या वयाच्या माणसाला ही नावे तोंडपाठ असतात. तिथे आम्ही काय काय पाहिले! भिकार मारधाडपट पाहिले, रडकी कौटुंबिक नाट्ये पाहिली, भुताचे चित्रपट पाहून हसलो. पण तिकीट काही रुपयांत मिळत असे आणि चित्रपट वाईट निघाला तर बाहेर येऊन भज्यांवर ताव मारला की विषय संपत असे. वाईट सिनेमा पाहण्याची चैन आम्हाला परवडत होती. या धडपडीतच कधीतरी चुकून ‘सिंहासन’ हाती लागला, कधी ‘उंबरठा’. नाव वाचून कोणी जात नव्हते. आत शिरल्यावर कळे. आवड घडते ती अशी, ठेचा खात. ठेच महाग झाली की माणूस घराबाहेरच पडत नाही.

बँकेत असताना कन्नड तालुक्यातल्या एका शाखेत माझ्यापुढे एका तंबू टॉकीजवाल्याचे कर्जप्रकरण आले होते. जनरेटर घ्यायचा होता. जत्रांमागून जत्रा करणारा माणूस; तारण म्हणून दाखवायला फाटका तंबू आणि जुने प्रोजेक्टर. मी त्याला विचारले, ‘अमुक सिनेमा चालेल हे तुम्हाला आधी कसे कळते?’ तो म्हणाला, ‘सायेब, पहिल्या खेळाला मानसं पोस्टर बघून येत्यात. दुसऱ्या खेळाला पहिल्या खेळाची मानसं त्यांना आनत्यात. मला फकस्त दुसऱ्या खेळापर्यंत थांबावं लागतं.’ मी त्याचे प्रकरण शिफारस करून वर पाठवले. मंजूर झाले आणि त्याने हप्ते नेमाने फेडले. दुसऱ्या खेळापर्यंत थांबण्याची ही गोष्ट मला सध्या वारंवार आठवते, कारण आज तेवढे थांबायला कोणी तयार नाही.

याचे एक कारण वाटणीच्या सूत्रात दडले आहे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचे भांडण होऊन हिंदी चित्रपटांचे प्रदर्शन काही आठवडे बंद होते. तडजोड झाली ती अशी : पहिल्या आठवड्याच्या निव्वळ उत्पन्नातला निम्मा वाटा निर्मात्याच्या बाजूला, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस. थोड्याफार फरकाने हीच रीत रुळली. आता विचार करा. ज्याच्याकडे पोस्टरचे बळ आहे, तो पहिल्या तीन दिवसांत गल्ला भरतो आणि निम्मा वाटा नेतो. जो तोंडोतोंडी चालतो, त्याची गर्दी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे नेमकी त्याचा वाटा उतरू लागल्यावर. जून २०२३ च्या अखेरीस आलेला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आठवा. सहा बहिणींची गोष्ट. बायकांचे घोळके नटूनथटून, दागिने घालून थिएटरात जात होते आणि पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात त्याची कमाई अधिक झाली. तो टिकला म्हणून आपण त्याचे नाव घेतो. असे किती चित्रपट दुसऱ्या आठवड्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, याची नोंद कोणत्या वहीत नाही.

२०२५ मधल्या मराठी चित्रपटांकडे पाहिले तर ‘चांगले येतच नाहीत’ ही तक्रार टिकत नाही. ७ मार्चला जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ आला. चंद्रपूर जिल्ह्यातले खेडे, कापसाला भाव नसलेला बाप आणि शिकत असताना एकामागून एक ‘बघायला’ येणाऱ्या पाहुण्यांपुढे पाटावर बसवली जाणारी सविता. तेच प्रश्न, तेच पोहे, रंग नि उंची यांची तीच चौकशी. नट सगळे त्या भागातले, भाषा त्या मातीतली. पाहताना आमच्या घरच्या बायका आधी हसल्या, मग गप्प झाल्या. मराठवाड्यात मुली असलेल्या एकाही बापाने हा चित्रपट चुकवायला नको होता. पण त्या आठवड्यात ‘छावा’ चौथ्या आठवड्यात जोरात होता. ‘स्थळ’ला जागा मिळाली ती उरलीसुरली. ज्या बापाने तो पाहायचा, तो सकाळी दहाला कामावर असतो.

१ मेला शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय!’ आला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देतात, अशी सत्य घटनेवरची गोष्ट. भाषणे थोडी कमी चालली असती. पण भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना मी यापूर्वी इतके संयत पाहिले नव्हते. आमच्या बँकेतल्या शिपायांनी असाच अभ्यास करून पदोन्नतीच्या परीक्षा दिलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे निकालाच्या प्रसंगी मला चष्मा काढावा लागला. १२ सप्टेंबरला सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर कोकणातल्या दशावतारी नटाच्या भूमिकेत, आणि समोर खाणीसाठी डोंगर पोखरायला निघालेली माणसे. पूर्वार्ध अप्रतिम, उत्तरार्ध सूडकथेच्या वाटेने घसरतो. तरी लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तो चालवला. कारण त्याच्याकडे थोडे सोने होते, प्रभावळकर हे नाव. आणि त्याच्याच पुढच्या शुक्रवारी आलेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला तरुण आणि गावातला त्याचा बालमित्र यांच्या प्रेमाची, दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट. किती हळू आवाजात सांगितली आहे! जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले, हा मान मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. घरात यावर बोलणे अवघड जाते हे मी जाणतो. पण मुलाकडे पाहणाऱ्या त्यातल्या आईसाठी तरी तो पाहायला हवा होता. पाहणार कसा? वेळापत्रकात तो शोधावा लागत होता.

खेळांच्या वेळेचे हे दुखणे जुनेच. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळावी म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले होते. १८ जुलै २०२५ ला ‘सैयारा’ आणि ‘येरे येरे पैसा ३’ एकाच दिवशी लागले आणि मराठी चित्रपटाचे खेळ काढून हिंदीला दिले म्हणून पुन्हा तोच वाद झाला. मधल्या काळात, २०१५ मध्ये, सरकारने मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये चांगली वेळ देण्याचा नियम आणला, ओरड झाल्यावर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ इतकी सैल केली. आंदोलनाने खेळ मिळतो, पण खुर्चीत माणूस बसत नाही. माणूस बसायला तिकीट परवडावे लागते.

आता कोणी म्हणेल, हा सगळा तुमचा तर्क झाला. पुरावा काय? पुरावा आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ‘राष्ट्रीय चित्रपट दिन’ म्हणून देशभरच्या अनेक चित्रपटगृहांनी तिकीट ७५ रुपये केले. चित्रपट तेच, पडदे तेच, प्रेक्षक तोच ‘बिघडलेल्या आवडी’चा. त्या एका दिवसात पासष्ट लाख लोक सिनेमाला गेल्याचे मल्टिप्लेक्सवाल्यांच्या संघटनेने सांगितले. दुसरा पुरावा आपल्याच गावातला. प्रोझोन मॉलमध्ये जानेवारी २०२५ मध्ये दहावा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, सई परांजपे यांना पद्मपाणी पुरस्कार देण्यात आला. पाच दिवस तरुण मुले-मुली इराणचे, युरोपचे, कोणी नाव न ऐकलेल्या दिग्दर्शकांचे चित्रपट खाली इंग्रजी वाचत पाहत होती. हीच मुले एरवी ‘उथळ’ ठरतात. एकदा शुल्क भरले की पुढचा चित्रपट वाईट निघण्याची भीती त्यांना नव्हती. उठून दुसऱ्या पडद्यापुढे जाता येत होते. आमची तरुणपणातली चैन त्यांना पाच दिवस मिळाली, एवढाच फरक.

चित्रपटगृह चालवणाऱ्यांना मी खलनायक ठरवणार नाही. जागेचे भाडे, वीज, वातानुकूलन, कर्जाचे हप्ते यांचे ताळेबंद मी पाहिलेले आहेत. मंगळवारी दुपारी रिकाम्या खुर्च्यांना थंड हवा देणे हा पैसे जाळण्याचा प्रकार आहे. म्हणूनच २०२५ मध्ये मंगळवारसाठी स्वस्त तिकिटांची योजना निघाली. मी तिचा लाभ घेतला. मंगळवारी दुपारी थिएटरात गेलो की पेन्शनर संघटनेची सभा भरल्यासारखे वाटते! पण ज्या घरात दोघे नोकरी करतात आणि मुले शाळेत असतात, त्यांच्या सोयीचा मंगळवार कोणता? शिवाय आठ आठवडे थांबले की तोच चित्रपट घरच्या टीव्हीवर येतो, ही सोय आहेच. आजी स्वयंपाकघरातून एक डोळा ठेवून पाहते, मुलगा कानात बोंडे घालून फोनवर पाहतो, सून रात्री भांडी आवरल्यावर पाहते. चित्रपट सगळ्यांनी पाहिला. पण मिळून कोणी पाहिला नाही, म्हणून त्यावर घरात बोलणेही झाले नाही.

सरकारच्या वहीतही एक नोंद तपासण्यासारखी आहे. जीएसटी येण्यापूर्वी महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता. जुलै २०१७ पासून तो भेद संपला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला, हे चांगलेच. पण शंभराच्या वर एक रुपया गेला की अठरा टक्के. शंभराची ही रेघ २०१७ पासून जागची हललेली नाही. तेवढ्या काळात मक्याच्या लाह्यांचा भाव कुठून कुठे गेला! आणि करमाफी मिळते कोणाला? २०२५ मध्ये गोवा आणि मध्य प्रदेश सरकारांनी ‘छावा’ करमुक्त जाहीर केला. देशात पाचशे कोटींच्या पुढे गेलेल्या चित्रपटाला सवलत, आणि चंद्रपूरच्या सविताला पूर्ण भाव. बँकेत अशी कर्जमाफी कोणी सुचवली असती तर आम्ही त्याला वहीच दाखवली असती.

मग करायचे काय? शासनाने वर्षातले दहा-बारा चांगले मराठी चित्रपट निवडून त्यांच्या तिकिटावरचा आपल्या वाट्याचा कर परत द्यावा. रक्कम फार मोठी होणार नाही. चित्रपटगृहांनी रविवार दुपारचा एक खेळ, एकच, शंभर रुपयांच्या आत ठेवावा आणि तो तोंडोतोंडी वाढणाऱ्या चित्रपटाला द्यावा. महापालिकेची संत एकनाथ आणि संत तुकाराम ही दोन नाट्यगृहे आहेत. नाटक नसेल त्या दिवशी तिथे पडदा टांगायला काय हरकत आहे? तिथे आजीच्या शंकरपाळ्यांनाही कोणी अडवू नये.

आणि आपण? दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढले, विलायतेला जाऊन हे तंत्र शिकून आले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. त्या वेळी लोकांनी नट पाहून तिकीट काढले नव्हते. चित्रपटात नट नावाची चीजच तोवर नव्हती. आपल्याला एवढे मोठे धाडस करायचे नाही. वर्षातून चार वेळा जात असाल तर तीनदा खुशाल सोने तारण घ्या. चौथ्या वेळी ज्याचे नाव ऐकलेले नाही असा एक चित्रपट निवडा, आणि तो पहिल्या तीन दिवसांत पाहा. आवडला तर त्याच रात्री दोन घरी फोन करा, म्हणजे दुसरा खेळ तुम्ही भरलात. नाही आवडला, तर येताना भजी खा.